भेट झाली नाही, शहर पाहिलं

मु. बोरखेडी, पो. पाचोड
१२ नोव्हेंबर १९६७

पाकिटावर तुमचं नाव ठळक लिहिलंय, नाहीतर हर्सूलच्या तुरुंगात पत्र कुणाच्याही हाती जायचं. आत लिहिताना मात्र हात थांबतो. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाही, म्हणून इथं नाव नाही. हे तुम्हालाच लिहिलंय एवढं समजून घ्या. तुमच्याआधी पत्र उघडून वाचणारे जे कुणी साहेब असतील, त्यांनाही चतुराबाईचा नमस्कार. अक्षराला हसू नका म्हणावं. पोलीस ॲक्शननंतर गावात मराठी शाळा आली, तिच्यात मी चौथी झाले. पुढं फक्त शेण थापलं.

काल मी भेटीला आले होते. शिपाई आत जाऊन आला अन् म्हणाला, "बाई, तो येत नाय म्हणतो. घरी जा म्हणतो." दिवाळीआधीही हेच. त्याच्याआधीही हेच. पहिल्या वर्षी जाळीपाशी येऊन उभे तरी राहत होतात.

तुमचा निरोप मला कळला नाही असं समजू नका. फारकत घे, माहेरी जा, दुसरं घर कर. माझा भाऊ बद्रीनाथ पण हेच म्हणतो. तुम्ही दोघं जन्मात कधी एका मताचे झाला नाहीत, याच एका गोष्टीत बरे झालात.

तर काल मी फाटकाबाहेर दगडावर बसले. पाचोडची यष्टी दुपारी तीनला. ऊन चढलेलं. तिथं एक म्हातारे टांगेवाले चाचा उभे असतात, भेटीला आलेल्या माणसांना शहरात सोडतात. ते म्हणाले, "क्या बाजी, मुलाखत नई हुई? रो के क्या होता? चलो, शहर देखो. बादशाह की राजधानी है ये. दिल्ली इसके सामने कुछ नई थी."

मी टांग्यात चढले. सोबतीला एक बाई होती. आपल्या फाट्यावरच माझ्यामागून गाडीत चढली होती अन् शहरापर्यंत मागच्या बाकड्यावर बसली होती. तिचंही हर्सूलला काम होतं, ते झालं नाही. ती टांग्यात मागं बसली.

चाचांनी दिल्ली दरवाज्यातून नेलं. काय उंच दरवाजा! हत्ती अंबारीसकट जाईल. मग बीबीचा मकबरा. लांबून पांढराशुभ्र दिसतो, जवळ गेलं की खाली संगमरवर अन् वर चुना. त्याचं मला बरंच वाटलं. राजाघरी पण पुरवून पुरवून बांधतात तर. लेकानं आईसाठी बांधला म्हणे. वरच्या कट्ट्यावरून जाळीतून खाली वाकून बघायचं, विहिरीत बघावं तसं. खाली ती बाई झोपलेली. वर साधी चादर.

सोबतची बाई लई वेळ वाकून बघत होती. मग चाचांना म्हणाली, "हिचा मालक कुठंय?"

"वो खुलताबाद में. खुली मट्टी में सोया है."

"मंग येवढं बांधून दोघं येगळेच राहिले."

चाचा टांग्याकडं निघाले.

घरी सगळं बरं आहे. आत्यांचे गुडघे दुखतात, सासूची जीभ मात्र दुखत नाही. ज्वारी पोटऱ्यात आलीय. तुमच्याकडं थंडी जास्त असेल, तुरुंगाच्या भिंती दगडी. घोंगडी मागून घ्या, मागायची लाज धरू नका.

चतुरा


बोरखेडी
१० डिसेंबर १९६७

काल परत आले. काल परत तुम्ही आला नाहीत. शिपाई आता मला ओळखतो. माझ्याकडं न बघताच मान हलवतो.

चाचा म्हणाले, "आज पनचक्की." ती बाई पण होती. तिचं काम अजून झालेलं नाही.

पनचक्कीचं तुम्हाला सांगायलाच पाहिजे. मोठा हौद आहे, पाण्यानं काठोकाठ भरलेला, त्यात मासे. भिंतीवरून पाणी असं पडतं की बाजूला उभं राहिलं तरी अंगावर शिंतोडे. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं अन् फकिरांना, वाटसरूंना पीठ मिळायचं. मी म्हटलं, पाणी येतं कुठून? इथं नदीत तर चुळीपुरतं नाही. चाचा म्हणाले, हर्सूलच्या पलीकडच्या डोंगरातून, जमिनीच्या पोटातून, मातीच्या नळांनी. शेकडो वर्षं झाली, अजून येतंय. म्हणजे तुम्ही आहात त्या बाजूनंच येतं. मी हौदात हात घालून बसले.

ती बाई पण काठावर बसली. तिनं विचारलं, "हितं पाळी कुणाची?"

"क्या?"

"पाण्याची. आज कुणाची पाळी?"

चाचा हसले. "पाळी-बिळी नई माँ. सबका पानी है."

तिनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं हसतेय. हसत नव्हती.

मला ते परत लिहायचं नव्हतं. पण पाणी बघितलं अन् आलंच. आपली विहीर, दोन घरांची पाळी, वैशाखाचं ऊन, तळाला गेलेलं पाणी. मोट आज कुणी चालवायची, एवढ्यावरून तुम्ही अन् काकासाहेब भांडलात. सख्खा चुलतभाऊ. लहानपणी एका ताटात जेवलात, त्याच्या लग्नात त्याच्या घोड्यापुढं तुम्ही नाचलात. अन् तुमच्या हातात फावडं होतं. एकच घाव घातलात. मग तुम्हीच त्याला उचलून बैलगाडीत घातलं अन् पाचोडच्या दवाखान्याकडं पळवलं. तो पोचला नाही. तुम्ही दवाखान्यातून तसेच चालत पोलिसात गेलात. एवढं सगळं गावाला माहीत आहे, कोर्टालाही. अन् कोर्टानं घावाचं तेवढं विचारलं.

असो. दुपारी तिथल्या वडाखाली आम्ही भाकरी सोडली. मी माझी, तिनं तिची. मधे एक माणूस बसेल एवढी जागा. मग तिनं तिच्या फडक्यातला ठेचा माझ्याकडं सरकवला. मी घेतला. यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. मोठं आहे. का ते आज लिहीत नाही.

गाय व्याली. कालवड आहे. आत्या म्हणतात, त्याला कळव, त्याला आनंद होईल. होईल का?

चतुरा


बोरखेडी
१४ जानेवारी १९६८

तुमचं कार्ड आलं. इतक्या दिवसांत पहिलं. मला वाटलं घोंगडीचं असेल, नाहीतर कालवडीचं. एकच ओळ: सोबत कोण असतं ते लिही.

लिहिते.

आशाबाई असते. काकासाहेबाची आशा.

आता पत्र खाली ठेवू नका, पुढं वाचा. तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसला असाल तरी वाचा.

पहिल्या दिवशी ती गाडीत चढली तेव्हा मला वाटलं, आता ही भर गाडीत मला धरणार. तीन वर्षं आमची एकमेकींशी ओळख नसल्यासारखं चाललंय. एका भिंतीला भिंत लागून घरं, अन् ती अंगणात आली की मी आत जायची. मी मागं वळून बघितलं नाही. शहरात उतरले, ती उतरली. हर्सूलच्या रस्त्याला लागले, ती मागं. फाटकापाशी शिपायानं नकार सांगितला तो तिनं पण ऐकला. तेव्हा तिचा चेहरा बघितला मी. तिला माझ्याहून जास्त वाईट वाटलेलं.

घरी ती डोळ्यांच्या औषधाला जाते म्हणून सांगते. सासूला, साळूबाईंना, पत्ता नाही. मी आत्यांना सांगितलं नाही. तुम्हालाही आज सांगतेय.

परवाच्या भेटीला तुम्ही आला नाहीत. मग आम्ही दौलताबादला गेलो. चाचांनी यष्टीच्या गाडीत बसवून दिलं. किल्ला म्हणजे काय, अख्खा डोंगर तासून भिंत केलीय, पाल पण चढायची नाही. वाट दाखवणारा माणूस सांगत होता, दिल्लीच्या बादशहानं राजधानी इथं आणली, दिल्लीतली सगळी माणसं चालवत आणली. अन् मग मन फिरलं तर परत नेली.

आशाबाई म्हणाली, "बायकांला इचारलं असंल का?"

मी म्हटलं, "कोण इचारतंय."

आम्ही दोघी हसलो. जाऊबाईबरोबर मी हसले, तेही दौलताबादला. मला वाटलं, कुणी बघितलं तर काय म्हणेल.

वर जायला एक भुयार आहे, त्याला अंधारी म्हणतात. शत्रूला चकवायला केलेलं. आत वटवाघळांचा वास, पायऱ्या वाकड्यातिकड्या, कुठं संपतात कळत नाही. तो माणूस मशाल घेऊन पुढं. मधोमध नेऊन म्हणाला, आता अंधार कसा असतो ते बघा, अन् मशाल आडोशाला नेली. काही दिसेना. स्वतःचा हात दिसेना. तेव्हा माझं मनगट कुणीतरी गच्च धरलं.

"चतुरा," ती म्हणाली. तीन वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. "मला त्यांला एक इचारायचंय."

"कुणाला?"

"भावजींला. हे गाडीत घातल्यावर किती येळ जिते व्हते? काय बोलले का? सांडूमामा गाडी हाकत व्हता, त्याला धड ऐकू येत नाय. भावजींच्या मांडीवर डोकं व्हतं. दुसरं कुणी नव्हतं तिथं." माझं मनगट दुखायला लागलं, तरी सोडवलं नाही. "कोर्टात सगळे घाव कुठं बसला ते इचारत व्हते. मला ते नाय पायजे. मला पुढचं पायजे. मी माफ करायला येत नाय, तुला आताच सांगते. माझ्याच्यानं व्हायचं नाय ते. पण माझ्या नवऱ्याचं शेवटचं बोलणं भावजींपाशी हाय अन् ते मपलं हाय, माझ्या हक्काचं. ते घेऊन ते आत बसलेत."

तो माणूस मशाल घेऊन आला. तिनं हात सोडला. वर बारादरी नावाच्या महालापर्यंत आम्ही गेलो, तिथून सगळा मुलूख दिसतो. ती एकीकडं बघत होती, मी दुसरीकडं. खाली आल्यावर तिनं पेरू घेतले अन् अर्धे माझ्या पदरात टाकले.

तुम्ही भेटीला का येत नाही ते मला माहीत आहे. मला मोकळं करायचं म्हणून. अन् काकासाहेबाच्या घरचं कुणी दारात उभं राहील या भीतीनं पण. तर ते माणूस आता खरंच दारात उभं आहे, तीन महिने उभं होतं.

माझ्यासाठी येऊ नका. मी हट्टी आहे, मी येत राहीन. तिचं तसं नाही. ती म्हणाली, अजून एकदा येते, मग नाही. फेब्रुवारीतल्या भेटीला तुमची भावजय म्हणून तिचं नाव लिहून देणार आहे. काही बोलला असेल तर आठवून ठेवा. काहीच बोलला नसेल तर तसं सांगा, तेही ती घेईल. गोड करून मात्र काही सांगू नका. तिला कळतं.

चतुरा


बोरखेडी
११ फेब्रुवारी १९६८, संध्याकाळ

आत्ताच घरी आले. पाय धुतले अन् लिहायला बसले. उद्या लिहिलं तर यातलं काही निसटेल.

तुम्ही आलात.

जाळीच्या पलीकडं पांढऱ्या कपड्यांत तीन-चार जण होते, मला पहिल्यांदा तुम्ही कोणते ते कळलंच नाही. केस पिकलेत तुमचे. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "वाळलीस." एवढ्या लांबून तेवढंच ऐकायला आले होते की काय, असं वाटलं.

पुढचं तुमच्यासमोरच झालं, ते तुम्हाला परत का लिहायचं? तर टांग्यात आशाबाईनं मला पुन्हापुन्हा विचारलं, कसं म्हणाले, आधी काय म्हणाले, मग काय. त्या गलक्यात तिला भीती वाटली की निम्मं ऐकू आलं नाही. मी सांगत गेले. आता माझ्या मनात ते असं बसलंय, तुमच्या नावासकट:

तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "ओढ्यापस्तोर जिता व्हता वहिनी. पाणी मागितलं. वंजळीनं पाजलं. मला शिवी दिली नाय. द्यायला पायजे व्हती." शिपाई म्हणाला, जोरात बोल. मग तुम्ही मान वर केलीत. "मला म्हणला, रामा, आशीला सांगायला कुणाला धाडू नगं. ती पळत येईल. तिचे दिवस भरत आलेत, तिला पळायचं नाय. दोनदा म्हणला. तिला पळू देऊ नगं. मंग काय बोलला नाय."

आशाबाईनं दोन्ही हातांनी जाळी धरली होती. मला वाटलं ती पडणार. पडली नाही. जाळीला तोंड लावल्यासारखं करून ती हळू म्हणाली, "पळाले व्हते मी. फाट्यापस्तोर पळाले. गाडी गेली व्हती."

तुम्ही परत मान खाली घातलीत.

"पण काय झालं नाय," ती म्हणाली. तुमच्याकडं बघत नव्हती ती. तुमच्या खांद्यावरून मागं, मोकळ्या भिंतीकडं बघून बोलत होती, कुणाला तरी समजावावं तसं. "काय झालं नाय हो. पोरगी नीट झाली. चांगली ठणठणीत हाय. बोलती आता."

तेव्हा तुम्ही तोंड फिरवलंत. तुम्ही रडताना मी कधी बघितलं नव्हतं. कोर्टात सजा ऐकली तेव्हाही नाही. तिथला शिपाई पण दुसरीकडं बघायला लागला, अन् वेळ झाली तरी त्यानं थोडं चालू दिलं. त्याला माझा नमस्कार सांगा.

फारकतीचं तुम्ही काढलं नाहीत. मीही काढलं नाही.

बाहेर आलो तर चाचांनी आमची तोंडं बघितली अन् आज काही दाखवायचं विचारलं नाही. नुसते शहरातून नेत राहिले, या दरवाज्यातून आत, त्या दरवाज्यातून बाहेर, शहागंजाच्या घड्याळापाशी, गुलमंडीवर. आशाबाई विचारत होती, मी सांगत होते. मग तिनं विचारायचं थांबवलं. गुलमंडीवर तिनं पोरीसाठी लाल रिबीन घेतली.

गाडीत ती माझ्याशेजारी बसली. आडूळच्या आधीच तिला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर आलं. लहान पोर झोपतं तशी झोपली, तोंड उघडं टाकून. आपला फाटा आला तेव्हा कंडक्टरनं घंटी वाजवायला हात वर केला. मी खुणेनं सांगितलं, जाऊ द्या. त्यानं तिच्याकडं बघितलं अन् हात खाली घेतला. पाचोडला गाडी थांबली तेव्हा ती जागी झाली.

"आगं, आपला फाटा?"

"मागं गेला."

"मंग उठवायचं ना."

"नाय उठवलं."

चालत आलो, शेतांच्या कडेकडेनं. एरवी फाट्यावर उतरलो की मी बाभळीखाली थांबायची, ती दिसेनाशी झाली की मग निघायची, गावात बोलणं नको म्हणून. आज दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. गावात शिरलो तेव्हा अजून उजेड होता. पारावरची माणसं बोलायची थांबली. आम्ही तशाच पुढं गेलो.

साळूबाई पोरीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. दोघींना बरोबर बघून त्यांचं तोंड कसं झालं ते मला लिहिता येत नाही. आशाबाईनं पोरगी त्यांच्याकडून घेतली अन् म्हणाली, "आत चला. तुम्हाला एक सांगायचंय." दार लोटलं गेलं.

मी घरी आले. आत्या चुलीपुढं होत्या. मी काही बोलायच्या आत भिंतीपलीकडून साळूबाईंचा आवाज आला. तुम्हाला माहीत नसेल, लेक गेला त्या दिवसापासून ती म्हातारी रडली नव्हती. सगळ्या गावाला तीच भीती वाटायची, की ही आतून दगड झालीय. आज रडायला लागल्या त्या थांबेनात. आत्या चुलीपुढं बसून ऐकत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "काय सांगितलं गं तिनं?"

मी सांगितलं. कुठं गेले होते, कोण सोबत होतं, तुम्ही काय बोललात, सगळं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी लाकूड मागं ओढलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, काठी घेतली. म्हणाल्या, "भाकरी तू टाक." अन् बाहेर पडल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी अंगण ओलांडून साळूबाईंच्या दाराकडं गेल्या. तीन वर्षांत ते अंगण आपल्या घरातलं कुणी ओलांडलं नव्हतं. मी अडवलं नाही. दार उघडल्याचा आवाज आला, अन् मग लागल्याचा.

दिवा लावलाय. भाकरी झाल्यात, झाकून ठेवल्यात. पत्र इथवर आलं तरी आत्या अजून परतल्या नाहीत. पलीकडं आता दोन म्हाताऱ्या रडताहेत, अन् मधेच तुमची पुतणी काहीतरी विचारतेय.

चतुरा